साक्ष आणि खुलासा

दलित आत्मकथन शिकवायला घेतले की वर्गात एक प्रश्न हमखास येतो : 'सर, हे सगळे खरे असेल काय?' 'बलुतं' १९७८ साली आले, 'उपरा' १९८० साली आले, आणि तेव्हापासून हा प्रश्न आपली पाठ सोडायला तयार नाही. माझे उत्तर ठरलेले असते. ज्याने भोगले त्याचा शब्द आधी धरावा, शंका ज्याला येते त्याने आपली शंका सिद्ध करावी. हजारो वर्षे आपल्या माणसाची साक्षच नोंदवली गेली नाही. आता ती नोंदवली जात असताना पुराव्याचा कागद मागणे हा जुन्याच अन्यायाचा नवा पाठ आहे, असे मी सांगतो.

या वर्षी आमच्या नवी मुंबईच्या महाविद्यालयात हेच सांगत होतो, तेव्हा शेवटच्या बाकावरून तुर्भ्याचा एक मुलगा उठला. कुस्ती खेळतो, पोलीस भरतीची तयारी करतो. म्हणाला, "सर, मग नरसिंगवर कोणी विश्वास का ठेवला नाही? तोही गरिबाघरचाच. दूधवाल्याचा पोरगा. आमच्या तालमीत सगळे म्हणतात, त्याला फसवले." तास संपला आणि 'यावर नंतर बोलू' असे म्हणून मी सुटका करून घेतली. शिक्षकाला हे वाक्य फार उपयोगी पडते. पण मुलाने माझ्याच विधानाची दोरी माझ्याच गळ्यात टाकली होती. ती सोडवणे भाग आहे.

प्रकरण आधी नीट मांडू. नरसिंग यादव हा मुंबईत जोगेश्वरीला वाढलेला मल्ल. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातले, वडील दुधाचा धंदा करणारे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, सलग तीनदा महाराष्ट्र केसरी, आणि त्यामुळे महाराष्ट्र पोलीस दलात उपअधीक्षकाची नेमणूक. २०१५ साली लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्यपदक मिळवून त्याने रिओ ऑलिंपिकची जागा देशाला मिळवून दिली. त्याच गटातला सुशीलकुमार म्हणजे दोन ऑलिंपिक पदकांचा धनी. निवड चाचणी व्हावी म्हणून तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. जून २०१६ मध्ये त्याची याचिका फेटाळली गेली. आणि त्याच महिन्यात, २५ जूनला, सोनीपतच्या केंद्रात घेतलेल्या नरसिंगच्या नमुन्यात मेथॅन्डायनोन सापडले. ५ जुलैच्या दुसऱ्या नमुन्यातही ते होते.

हे द्रव्य नवे नाही. सिबा कंपनीने १९५८ च्या सुमारास ते 'डायनाबॉल' नावाच्या गोळीच्या रूपात बाजारात आणले. स्नायू वाढवणारी ही गोळी पुढे जगभरच्या व्यायामशाळांत पसरली. आजही शरीरसौष्ठवाच्या जगात 'डी-बॉल' म्हटले की न समजणारा मुलगा विरळा.

नरसिंगचा खुलासा असा होता : मी काही घेतलेले नाही. केंद्रातल्या एका कनिष्ठ मल्लाने माझ्या खाण्यापिण्यात ते मिसळले. त्याला स्वयंपाकघराकडे पाहिल्याचे सांगणारी माणसेही पुढे आली. माझ्याच खोलीत राहणाऱ्या सहकाऱ्याच्या नमुन्यातही तेच द्रव्य निघाले, मग हा कट नव्हे तर काय? १ ऑगस्टला 'नाडा' या राष्ट्रीय संस्थेच्या समितीने हे मान्य केले. २ जूनपर्यंतचे त्याचे सारे नमुने स्वच्छ होते, आणि एकदाच पोटात गेलेल्या द्रव्याचा खेळात काय फायदा, असा तिचा विचार. तालमीतून गुलाल उडाला. पण 'वाडा' ही जागतिक संस्था क्रीडा लवादाकडे गेली. १८ ऑगस्टला, म्हणजे कुस्तीच्या आदल्या दिवशी, रिओमध्येच सुनावणी झाली आणि चार वर्षांची बंदी आली. कटाच्या कथेला खरा पुरावा दिला गेला नाही, उलट गोळीच्या रूपात, एकाहून अधिक वेळा, जाणूनबुजून द्रव्य घेतले असण्याचीच शक्यता अधिक दिसते, असे लवादाने म्हटले.

मी साहित्याचा शिक्षक आहे, रसायनशास्त्राचा नव्हे. पण खुलासा हीही एक कथा असते, आणि कथा वाचण्याचे काम मला करता येते. या कथेत पात्रे ठसठशीत आहेत : गरीब नायक, बलाढ्य प्रतिस्पर्धी, स्वयंपाकघरातला चोरपावलांचा मुलगा. प्रसंग योग्य वेळी येतात. हेतू तर आयता आहे. वाचताना विश्वास बसतो, आणि इथेच समीक्षकाने सावध व्हायला पाहिजे. कारण हेतू दाखवला म्हणजे कृत्य दाखवले असे होत नाही. सहकाऱ्याच्या नमुन्याचेच घ्या. एकाच खोलीतल्या दोघांत एकच द्रव्य सापडणे हे कटाशी जुळते. ते दोघांनी एकाच बाटलीतून घेतल्याशीही तितकेच जुळते. दोन्ही कथांना सारखीच साथ देणारी गोष्ट कोणत्याही एका कथेचा पुरावा होत नाही.

मग निर्णय कशावर झाला? प्रमाणावर. कॅनडातील तज्ज्ञ क्रिस्तियान आयोत यांचे मत लवादापुढे होते की पहिल्या नमुन्यातले प्रमाण इतके मोठे आहे की ते पाण्यात मिसळलेल्या भुकटीतून आलेले नाही, एकदोन गोळ्या तोंडाने घेतल्यानेच येईल. कथा सांगणाऱ्याच्या घामाकडे, अश्रूंकडे, जातीकडे हा आकडा पाहत नाही. याच लवादाने डिसेंबर २००९ मध्ये फ्रान्सचा टेनिसपटू रिशार गास्के याचा खुलासा मान्य केला होता. त्याच्या शरीरात कोकेन निघाले होते आणि तो म्हणत होता की क्लबात एका मुलीचे चुंबन घेतले त्यातून ते आले. ऐकायला नरसिंगच्या कथेहून शंभरपट अविश्वसनीय! पण सापडलेले प्रमाण इतके नगण्य होते की ते त्या कथेशी जुळले. थोडक्यात, कथा विचित्र आहे की साधी आहे, याला फारसे महत्त्व नाही. ती आकड्याला पेलते की नाही, एवढेच पाहायचे.

येथे मला माझ्या विद्यार्थ्याची बाजूही मांडली पाहिजे. सुनावणी एका दिवसात उरकली. दुसऱ्या दिवशी आखाड्यात उतरायचे आणि आज परदेशात आपले निरपराधित्व सिद्ध करायचे, हा न्यायाचा आदर्श नव्हे. गास्केच्या बाजूने तज्ज्ञ उभे करण्याची ऐपत होती, वेळ होता. आपल्याकडच्या किती खेळाडूंकडे ती असते? शिवाय वाडाच्या नियमाप्रमाणे शरीरात सापडले ते खेळाडूचेच. कसे आले हे त्यानेच दाखवायचे. हा नियम कठोर आहे. पण तो नसेल तर प्रत्येक दोषी माणूस स्वयंपाकघराकडे बोट दाखवून घरी जाईल, हेही तितकेच खरे.

स्वयंपाकघर. या शब्दाशी मी अडखळतो, आणि या लेखाचे कारणही तेच आहे.

'माझ्या अन्नात कोणीतरी काहीतरी कालवले' हे वाक्य केवळ 'मी निर्दोष आहे' एवढेच सांगत नाही. ते दुसऱ्या माणसाला दोषी ठरवते. नरसिंगवर विश्वास ठेवायचा तर त्याच क्षणी एका कोवळ्या वयाच्या मल्लाला विषप्रयोग करणारा मानावे लागते. मधली जागा नाही. त्या मुलाची जात काय होती हा प्रश्न नाही. तो दलित होता असे माझे म्हणणे नाही, आणि कोणी तसा अर्थ काढू नये. पोलिसांत तक्रार झाली, प्रकरण पुढे सीबीआयकडे गेले. तो फौजदारी मार्ग वेगळा. परंतु लवादापुढे पुरावा उभा राहिला नाही, तरी देशभरच्या वर्तमानपत्रांतून आणि वाहिन्यांवरून तो मुलगा अगोदरच गुन्हेगार झाला होता. त्याच्या शब्दाला काय किंमत होती? पदक त्याच्या नावावर येणार नव्हते.

अन्नपाणी बाटवल्याचा आरोप किती सहज खरा मानला जातो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असेल? नवी मुंबईहून महाड फार दूर नाही. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर आपल्या माणसांवर हल्ला झाला तो एका अफवेवरून : 'हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार.' पुरावा कोणी मागितला नाही. आणि तळे बाटले हे तर इतके उघड सत्य मानले गेले की शेणगोमूत्राच्या घागरी ओतून ते शुद्ध करण्यात आले. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २०१७ साली पुण्यात एका उच्चशिक्षित, शास्त्रज्ञ म्हणून मोठ्या पदावर असलेल्या बाईंनी आपल्या स्वयंपाकीणबाईंवर जात लपवून सोवळे मोडल्याची तक्रार पोलिसांत केली, आणि पोलिसांनी ती दाखल करून घेतली. पुढे गदारोळ झाल्यावर ती मागे घेतली गेली. पण दाखल झाली, हे ध्यानात ठेवा.

माझी आई वाशीत एका मंगल कार्यालयात भांडी घासायला जात असे. वाढप्याचा एखादा चांदीचा चमचा कमी भरला की पहिली झडती तिच्या पिशवीची होई. चमचा बहुधा खरकट्याच्या पिंपात सापडे. झडतीबद्दल तिला कोणी काही म्हणत नसे. मी अकरावीत असताना तिने एकदा मला सांगितले होते, "बाबा, पिशवी आधी उघडी धरूनच उभी राहते मी." तेव्हापासून 'स्वयंपाकघरातल्या कोणीतरी केले' असे म्हणणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला मी प्रथम पुरावा मागतो. तो मोठा माणूस स्वतः दूधवाल्याचा मुलगा असला तरीही.

पण मग माझे वर्गातले विधान चुकले काय? मला वाटते, ते अपुरे होते. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या होत्या. एक साक्ष आणि दुसरी खुलासा. साक्ष म्हणजे माझ्यावर जे झाले ते मी आपणहून सांगणे. ती सांगून मिळते काय? बहुतेक वेळा अवहेलनाच. 'बलुतं'ने दया पवारांना स्वकीयांचाही रोष पत्करायला लावला. खुलासा म्हणजे कचेरीतल्या 'कारणे दाखवा' नोटिशीचे उत्तर : आधी काहीतरी सापडलेले असते, आणि ते समजावून द्यायचे असते. राखीव जागेवरच्या आपल्या कर्मचाऱ्यांना अशा किती खोट्या नोटिसा येतात हे मला माहीत आहे, म्हणून प्रत्येक नोटीस खरी असे मी म्हणणार नाही. पण खुलाशाची परीक्षा कागदाशीच करावी लागते. साक्षीला आपण आधी श्रद्धेने ऐकतो. खुलाशाला आधी तपासून ऐकतो.

या दोहोंतला फरक एकाच व्यक्तीत पाहायचा असेल तर ओडिशाची द्युती चंद पाहा. विणकराच्या घरची मुलगी. नैसर्गिकरीत्या तिच्या शरीरात असलेल्या संप्रेरकांच्या प्रमाणावरून तिला स्पर्धेबाहेर काढले गेले, तेव्हा ती लवादापुढे गेली आणि जुलै २०१५ मध्ये तो नियमच स्थगित करून घेतला. ती साक्ष होती. 'हे माझे शरीर आहे, असेच जन्मले आहे.' तिच्याआधी तामिळनाडूच्या शांती सौंदरराजनला, आपल्याच दलित मुलीला, २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेतले रौप्यपदक लिंगचाचणीनंतर गमवावे लागले होते, आणि तिची साक्ष ऐकायला कोणी बसलेच नव्हते. द्युतीचे लढणे म्हणून मोठे. पण डिसेंबर २०२२ मध्ये त्याच द्युतीच्या नमुन्यात स्नायूवर्धक 'सार्म्स' द्रव्ये निघाली, तेव्हा तिने दिला तो खुलासा होता : दुखण्यावर फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने घेतले, जाणूनबुजून नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये चार वर्षांची बंदी आली. २०१५ ची द्युती खरी होती म्हणून २०२२ चा खुलासा आपोआप खरा होत नाही. आणि उलटेही : २०२२ मुळे २०१५ चा लढा खोटा ठरत नाही. आपल्या चळवळीत हा दुसरा भाग विसरणारेही पुष्कळ आहेत.

वर्गातल्या दुसऱ्या एकाने पृथ्वी शॉचा दाखला दिला होता : 'क्रिकेटवाल्याचे खोकल्याचे औषध मात्र लगेच पटले!' विरारच्या या मुलाच्या २२ फेब्रुवारी २०१९ च्या नमुन्यात टर्ब्युटॅलीन निघाले, आठ महिन्यांची बंदी झाली, ती मागच्या तारखेपासून मोजली आणि मधल्या काळात तो आयपीएलही खेळून गेला होता. यातला राग मला समजतो. परंतु ते द्रव्य खोकल्याच्या औषधात खरोखरच असते. डी-बॉलची गोळी खोकल्यावर कोणी देत नाही. दोन्ही प्रकरणे एका तराजूत घालता येत नाहीत. राग धरायचाच असेल तर तो यावर धरा की क्रिकेट मंडळ तोवर नाडाच्या कक्षेबाहेर होते आणि आपल्या खेळाडूचा निवाडा आपणच करीत होते. त्या निकालानंतर काही दिवसांतच, ऑगस्ट २०१९ मध्ये, ते आत आले.

आता सत्तेकडे येऊ. कारण नरसिंगवर कोणीच विश्वास ठेवला नाही, हे माझ्या विद्यार्थ्याचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. कुस्ती महासंघ उघडपणे त्याच्या पाठीशी होता. महासंघाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह पहिल्या दिवसापासून कटाची कथा खरी मानून चालले. नाडानेही मानली. म्हणजे ज्यांच्या हातात विश्वास वाटण्याचा अधिकार होता त्यांनी तो दिला. का दिला? पदकाची आशा होती. आणि हेच अध्यक्ष २०२३ साली आरोपीच्या जागी आले. महिला कुस्तीगिरांनी त्यांच्यावर लैंगिक छळाचे आरोप केले. ही साक्ष होती. ती देऊन मिळवण्यासारखे काही नव्हते, गमवण्यासारखे मात्र सगळे आयुष्य होते. त्यांचा साधा गुन्हा नोंदवून घ्यायला प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावे लागले. २८ एप्रिल २०२३ रोजी तो नोंदवला गेला. २०२४ साली दिल्लीच्या न्यायालयाने आरोप निश्चित केले. निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे, माझे नव्हे. मी एवढेच दाखवतो आहे की या देशात खुलाशाला हार घालणारे हात साक्षीच्या वेळी खिशात गेले. त्या मुली जंतरमंतरच्या रस्त्यावर बसल्या असताना तालमी बहुतांशी गप्प होत्या. महाराष्ट्रातल्याही.

तेव्हा नरसिंगचा खुलासा मला पटत नाही. त्याने चार वर्षे भोगली, २०२० मध्ये तो पुन्हा आखाड्यात उतरला. त्याच्याविषयी माझ्या मनात वैर नाही.

पण एवढ्यावर थांबणे हीसुद्धा एक सोय होईल. २०१० च्या राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत ४ × ४०० रिलेचे सुवर्ण आणणाऱ्या अश्विनी अकुंजी आणि तिच्या सहकारी २०११ मध्ये सापडल्या, तेव्हा त्यांनी सांगितले की युक्रेनचे प्रशिक्षक युरी ओगोरोदनिक यांनी दिलेल्या जिनसेंगमधून हे आले. प्रशिक्षकाला काढून टाकले. मुलींना आधी एक वर्ष, नंतर लवादाने दोन वर्षे दिली, कारण त्यांनी चौकशी करायला हवी होती. नियम म्हणून हे बरोबर आहे. पण शेतातून, पाड्यावरून आलेल्या मुलीने राष्ट्रीय शिबिरात परदेशी प्रशिक्षकाला 'यात काय आहे, कागद दाखवा' असे विचारायचे? जिच्या घरात मास्तरासमोर मान वर करणेही उद्धटपणा मानला जातो, तिने? शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना आश्रय दिला तेव्हा खुराकाची चिंता दरबाराची होती. आज दूध, तूप, बदामाचा खुराक गरिबाच्या पोराला परवडत नाही म्हणून तो डब्यावर येतो, आणि डबा कोणाकडून येतो हे विचारण्याचे शिक्षण त्याला कोणीच देत नाही.

परवा तुर्भ्याचा तो मुलगा प्राध्यापक कक्षात आला. हे सगळे मी त्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले, पटले असे मात्र वाटले नाही. मग पिशवीतून एक मोठा काळा डबा काढून टेबलावर ठेवला. अर्धा रिकामा होता. झाकणाखालचे सील आधीच फाडलेले, बॅच नंबराच्या जागी शाई पुसलेली.

"सर, भरतीपर्यंत हे घेतले तर चालेल ना? तुम्ही वाचून सांगा."

"कोणी दिले?"

"जिमवाल्या दादांनी. उधारीवर."

"पावती?"

तो हसला. "सर, दादांकडे पावती कोण मागते?"